आठ वॉट

कुरामोचींनी अंगणात स्वतःचा विजेचा खांब रोवून घेतला
तेव्हा आम्ही तिघे छत्र्या उघडून बघायला गेलो होतो.
वीज कंपनीची माणसं पुन्हा पुन्हा विचारत होती,
कारखाना काढताय का?
नाही, ते म्हणाले. ऐकायचं आहे.
शेजारच्या भातगिरणीचा पंखा सुरू झाला
की व्हायोलिनच्या पोटात कळ येते.

खांबाला किती पडले ते सेत्सुयोबाईंना ठाऊक नाही.
विचारलं नाही म्हणून ठाऊक नाही,
असं त्या चहा ओतताना सांगतात.

यंत्र वरच्या मजल्यावर. अकरा वर्षं लागली.
बासष्ट किलो;
जिन्यातून चढवताना नेझुंची कंबर धरली ती धरलीच.
ट्रान्सफॉर्मरमध्ये चांदीची तार, केसासारखी,
हातानं गुंडाळलेली.
वेढे मोजताना फोन वाजला तर पुन्हा एकपासून.
वर काचेच्या चार नळ्या, नाशपतीएवढ्या,
आणि मागे पाऱ्याच्या वाफेच्या दोन, निळ्या.
या सगळ्यातून निघतात आठ वॉट.
डोंगर पोखरून उंदीर, मी एकदा बोलून गेलो.
पण उंदीर चालतो कसा ते ऐका ना, कुरामोची म्हणाले,
एकेक पाऊल.

शनिवारी जमतो.
चाळीस मिनिटं नळ्या तापू द्यायच्या, तोवर बोलायचं नाही.
तबकडीवरची बाई गाण्याआधी श्वास घेते.
आम्ही तो श्वास ऐकायला येतो.
गाणं नंतर असतंच.
मग नेझु, ज्यांचा सोया सॉसचा धंदा,
म्हणतात, खालचे सूर तीन वर्षं मुरलेत.
मी म्हणतो, हवा आहे, भरपूर हवा.
म्हणजे काय ते मला माहीत नाही,
पण माना हलतात.

नव्या वर्षाला सेंदाईहून नात आली. कोहारु, वय सात.
दार ढकलून आत आली आणि तिनं कानांत बोटं घातली.
आजोबा, ते किंचाळतंय.
कोण?
तिनं नळ्यांकडे हनुवटी केली.
डास आहे. लोखंडाचा.

आम्ही ऐकलं.
चौघांची वयं मिळून दोनशे नव्वद.
काही नव्हतं.
मी दातांचा डॉक्टर;
अडतीस वर्षं ड्रिल माझ्या उजव्या कानाशी गात होतं
आणि जाताना नेमके तेवढे सूर घेऊन गेलं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
शनिवारी तर नाहीच.

मग चार दिवस पोरीला स्टुलावर बसवलं.
कुरामोची एक कपॅसिटर बदलत, मागे वळत.
आहे, ती म्हणे.
एक तार उचलत.
आहे.
डाख देऊन देऊन बोटं भाजली, खोलीला राळेचा वास.
अजून आहे, आजोबा.
चौथ्या संध्याकाळी खालून मोची भाजल्याचा वास वर आला.
त्यांनी एक तार बोटभर सरकवली.
कोहारुनं मान तिरकी केली, दाराकडे पाहिलं.
गेला, म्हणाली,
आणि दोन दोन पायऱ्या टाकत खाली पळाली.

वहीत नोंद आहे: तारीख, तार,
डास गेला. कान: कोहारु.

पुढच्या शनिवारी श्वास ऐकला.
पहिल्यापेक्षा स्वच्छ, नेझु म्हणाले,
आणि माना हलल्या. माझीही.

निघताना मी दारात वाकून बूट चढवत होतो.
बाहेर खांबावर हातभर बर्फ.
कुरामोची हळूच म्हणाले, डॉक्टर,
मुलं दुखत नाही म्हणतात
तेव्हा तुम्ही कसं ओळखता?
हातांकडे बघतो, मी म्हटलं. मुठी आवळलेल्या असतात.
ते बराच वेळ माझ्या बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिले.
तिच्या हातात, म्हणाले, संत्रं होतं.